अव्वाचा डावा हात

माघातली सकाळ होती. अमरनाथअप्पा दुधाची बरणी घेऊन घराबाहेर पडले तेव्हा ऊन नुकतंच डोंगराच्या माथ्यावरून खाली सरकायला लागलं होतं. डोक्याला मफलर, पायात लातुरातले काळे बूट, चाल मात्र जपून, कारण उतारावर मुरूम फार आणि बूट बाजारातल्या फरशीवर चालायचे. सात महिने झाले डोंगरात येऊन, तरी अप्पांचे पाय अजून दुकानदाराचेच होते.

दूध चतुराबाईकडून यायचं. घरापासून दहा मिनिटांच्या उतारावर तिची झोपडी. दोन म्हशी, पाच-सहा शेळ्या, आणि जगाला काय चाललंय ते विचारायची हौस. रोज ती काही ना काही विचारायची आणि अप्पा रोज हसून उडवून लावायचे. त्या दिवशी बरणीत दूध ओतता ओतता तिनं सहज विचारलं,

"अप्पा, तुमची म्हातारी जेवंना काऊन?"

अप्पांना वाटलं, ती मंजुश्रीबद्दल बोलून राहिली. बायकोला म्हातारी म्हटलेलं कळलं तर दूध बंद होईल असं ते हसत म्हणालेही. पण चतुराबाई हसली नाही.

"त्या न्हाईत ओ. ती पांढऱ्या लुगड्याची. तुमच्या बेलाखाली बसती न्हवं, दुपारच्याला. डावा हात असा पुढं धरून. मला वाटलं भुकेजली आसंल, म्हणून काल भाकर दिली. घेतली न्हाई." तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "म्हणली, पूजा व्हायचीय."

अप्पांनी बरणीचं झाकण लावलं, मग काढलं आणि पुन्हा लावलं. कुणी यात्रेकरू असेल, वाट चुकली असेल, असं काहीतरी ते बोलले. घरी पोचेपर्यंत त्यांनी एकदाही बेलाच्या झाडाकडे मान वळवली नाही.

आता हे अप्पा डोंगरात का आले, ते सांगायला हवं. लातुरात त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली होती. शहर पुरे झालं. टँकरची वाट बघायची, दिवसभर हॉर्न ऐकायचे, धूळ खायची आणि संध्याकाळी डॉक्टरच्या दारात नंबर लावायचा, हे काय जगणं आहे? म्हणून भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं, फ्लॅटला कुलूप घातलं आणि अहमदपूरच्या पलीकडे बालाघाटाच्या डोंगरात तीन खोल्यांचं घर बांधून घेतलं. शेजाऱ्यांनी निरोप समारंभ केला. अप्पांसारखं धाडस आपल्याला जमलं नाही असं एकेक जण उठून सांगत होता, आणि अप्पा गळ्यातल्या हारांकडे बघत खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. ती शरम होती.

अप्पा माणूस कडक, समाजाच्या स्मशानभूमीच्या समितीवर पंधरा वर्षं. लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. त्याच तळहातावर त्यानं रोज त्या लिंगाची पूजा केलेली असते. जाताना ते हातात हवंच. पंधरा वर्षांत कुणाचीही माती असो, खड्ड्याच्या काठावर अप्पा उभे असायचे आणि माती लोटायच्या आधी खणखणीत आवाजात विचारायचे, "लिंग हातात आहे ना?" एकदा रेवणसिद्ध नावाचा पोरगा बापाचं लिंग औशाला घरीच विसरून आला होता. अप्पांनी सगळी माती दीड तास थांबवली. एवढ्या लोकांत ते त्या पोराला म्हणाले होते, जन्मदात्याला मोकळ्या हातानं पाठवणारा तू पहिलाच. तो पोरगा अजून समाजाच्या जेवणावळीत कोपऱ्यात बसतो.

आणि मागच्या फाल्गुनात अप्पांची आई गेली. नीलाबाई. घरात सगळे अव्वा म्हणायचे. अव्वाचं सकाळचं सगळं ठरलेलं होतं. पहाटे बादली भरायची, अंघोळ करायची, ओलेत्यानं पाट मांडायचा, कपाळाला आणि दंडाला भस्म लावायचं, मग गळ्यातली चांदीची डबी उघडून लिंग तळहातावर घ्यायचं. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. सत्तर वर्षांत यात खंड पडला नव्हता.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालत होता. दवाखान्यात तपासणीच्या मशीनमध्ये घ्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढा म्हणून सांगितलं. अप्पांनी अव्वाच्या गळ्यातला शिवदारा, म्हणजे डबीचा दोरा, सोडला आणि डबी शर्टाच्या खिशात टाकली. अव्वानं डावा तळहात पुढं केला.

"देतो अव्वा," अप्पा म्हणाले. "आत्ता देतो."

मग डॉक्टरांनी बोलावलं. मग औषधं आणायची होती, सह्या करायच्या होत्या, भेटायला आलेल्यांना सांगायचं होतं. संध्याकाळी अप्पा घरी गेले, घामट शर्ट काढून न्हाणीतल्या खुंटीला टांगला आणि दुसरा घालून आले. इकडे अव्वाचा तळहात पुढंच. नर्ससमोर, सुनेसमोर, भिंतीसमोर. मंजुश्रीनं पाण्याचा चमचा तोंडाशी नेला तर अव्वानं दात आवळले. तिनं अप्पांना विचारलंसुद्धा, अव्वा लिंग मागत असतील का ओ? माझ्याकडं आहे, सकाळी देतो, असं अप्पा म्हणाले. खोटं नव्हतं ते. सकाळी द्यायचंच होतं. अव्वा सकाळ उजाडायच्या आत गेली. एक दिवस आणि एक रात्र पाण्याचा थेंब न घेता आणि हात उघडा ठेवून गेली.

हे सगळं अप्पांना आठवलं ते खड्ड्यात. मुलगा म्हणून तेच आत उतरले होते. अव्वाला नीट बसवलं, बेल वाहिला, आणि वर काठावरून पंचाक्षरी स्वामींनी, ज्यांच्याबरोबर अप्पांनी शेकडो माणसं पोचवली होती, नेहमीचा प्रश्न विचारला. आज तो विचारायला अप्पा काठावर नव्हते ना.

"लिंग हातात आहे ना, अप्पा?"

घर वीस मिनिटांवर होतं. वीस जायला, वीस यायला. रेवणसिद्धाला दीड तास मिळाला होता. वर पाहिलं तर काठावर सगळा समाज, आणि मागच्या रांगेत तो रेवणसिद्धही उभा. अप्पांनी पूजेच्या ताटात हात घातला. एक सुपारी बोटांत आली. ती त्यांनी अव्वाच्या डाव्या तळहातावर ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटली आणि खाली मान घालूनच म्हणाले, "आहे."

मग वरून काळी माती आली.

आपल्यात मेलेला माणूस मागं फिरत नाही, हे अप्पा लहानपणापासून ऐकत आले होते. तो लिंगैक्य होतो, लिंगात मिळून जातो, संपलं. अव्वाच्या निधनाच्या पत्रिकेतही तसंच छापलं होतं: नीलाबाई लिंगैक्य झाल्या. ती पत्रिका हातात घेऊन अप्पा खूप वेळ बसले. मिळून जायचं कशात? सुपारीत?

खुंटीवरच्या शर्टातून त्यांनी डबी काढली. एकदा खिशात घालून स्मशानभूमीपर्यंत गेलेही. हातानं थोडं उकरून ठेवून येऊ, असं मनाशी ठरवलं होतं. फाटकावर राखणदारानं उठून नमस्कार केला, "या अप्पा, आज कुणाची?" म्हणून विचारलं, आणि अप्पा तिथूनच परतले. त्यानंतर त्यांना स्वतःचीही पूजा जमेना. रोज सकाळी पाटावर बसायचे, डोळे मिटायचे, गळ्यातली स्वतःची डबी मुठीत धरायचे आणि उघडायचे नाहीत. पुरेसा वेळ गेला की उठून जेवायचे. मंजुश्रीला वाटायचं, हे आताशा फार तल्लीन होतात. लातुरातल्या प्रत्येक माणसाचा नमस्कार अप्पांना चिमटा घेतल्यासारखा लागू लागला, तेव्हा त्यांना डोंगराची शुद्ध हवा आठवली.

सामान हलवताना अव्वाची डबी त्यांनी ज्वारीच्या पिंपात, पार तळाशी घातली. मागच्या खोलीत ते पिंप होतं, आणि आवाज मागच्या खोलीतूनच यायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं ते. पहाटे, तांबडं फुटताना. आधी बादली सरकायची. मग पाणी. मग ओल्या लुगड्याचं फटफट आणि पायांचा हलका आवाज. भस्माचा कोरडा वास उंबऱ्यापर्यंत यायचा. मग पाट मांडल्याचा आवाज... आणि मग काही नाही. बराच वेळ काहीच नाही. त्यानंतर फरशीवर तळहात फिरायचा. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, पाटाखाली, पिंपाच्या कडेनं, अंधारात पडलेली वस्तू चाचपावी तसा. सापडत नसे. मग पुन्हा बादली सरके, पुन्हा पहिल्यापासून. ऊन खिडकीत येईपर्यंत हे चालायचं. मंजुश्री म्हणायची, उंदीर झालेत, पिंजरा आणा. अप्पांनी पिंजरा आणला. त्यात भाकरीचा तुकडा लावताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

चतुराबाईचं बोलणं ऐकल्यावर मात्र दोन दिवस ते ताट अर्धं टाकून उठत राहिले. भुकेलं माणूस दारात बसलंय आणि आपण आत ताटावर. तिसऱ्या दिवशी मंजुश्री कपडे वाळत घालायला वरच्या खडकावर गेली, तशी अप्पांनी पिंपात खांद्यापर्यंत हात घालून डबी काढली आणि भर दुपारी बेलाकडे गेले.

झाडाखाली कुणी नव्हतं. गवत मात्र एका जागी दबलेलं होतं, माणूस मांडी घालून बसल्यावर दबतं तेवढंच. अप्पा समोर बसले. मोर ओरडत होते ते थांबले. पानांचा आवाजही थांबला. वास आला आधी, ओल्या सुती लुगड्याचा आणि भस्माचा. मग दबलेल्या गवताच्या कडेनं गवताची पाती वाकायला लागली, हळूहळू, अर्धगोलात, डावीकडून उजवीकडे. काहीतरी जमीन चाचपत होतं. अप्पांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर येऊन ते थांबलं आणि उघडं राहिलं. दिसत काही नव्हतं. पण तळहात उघडा आहे हे त्यांना कळत होतं, जसं आंधळ्याला समोर भिंत आहे हे कळतं.

"अव्वा..." ते म्हणाले. "देतो. आत्ता..."

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. एवढ्यात वरून मंजुश्रीची हाक आली.

"ओ, तिथं काय करून राहिलात उन्हात? हातात काय हाय?"

एका क्षणाचं काम होतं. हात पुढं करायचा, बस्स. बायकोनं पाहिलं असतं, विचारलं असतं, आणि सांगावं लागलं असतं. अप्पांनी झाकण लावलं आणि डबी खिशात घातली.

"काही न्हाई," ते वर बघून म्हणाले. "बेल तोडून राहिलो."

समोरचं गवत हळूच सरळ झालं.

फाल्गुनात अव्वाचं वर्ष आलं. डोंगर पळसानं पेटला होता. पंचाक्षरी स्वामी लातुराहून आले, बरोबर समाजाची दहा-बारा माणसं. मंजुश्रीनं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवली होती. सगळ्यांनी हवेचं कौतुक केलं, पाण्याचं केलं, आणि अप्पांच्या तब्येतीबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण ते निम्मे झाले होते. स्वामींची पाद्यपूजा झाली. माणसं भिंतीला टेकून बसली आणि भरल्या सकाळी, इतक्या लोकांत, मागच्या खोलीत बादली सरकली.

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. आत पाणी वाजलं, पावलं वाजली, पाट मांडला गेला.

स्वामी अव्वाबद्दल बोलत होते. कशी निष्ठेची बाई होती, पूजेवाचून पाणी प्यायली नाही, असं मरण पुण्यवानालाच येतं. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आता सांगावं, असं त्यांना खरंच वाटलं. सांगावं आणि मोकळं व्हावं, पुन्हा पिंपात दडवलेली डबी काढून स्वामींच्या पायावर ठेवावी, लातुराला जाऊन माती उकरावी, मग लोकांनी कोपऱ्यात बसवलं तरी चालेल. तोंडही उघडलं त्यांनी. आत फरशीवर तळहात फिरत होता.

स्वामींना ते रडणं दुःखाचं वाटलं. ते मायेनं म्हणाले,

"रडू नका अप्पा. सगळं यथासांग झालं. शेवटी लिंग तुम्हीच दिलंत न, स्वतःच्या हातानं?"

सगळे अप्पांकडे बघत होते. फिरणारा तळहात थांबला. तोही ऐकत होता.

"हाव," अप्पा म्हणाले. "मीच दिलं."

आणि आत शांतता झाली. नेहमीची नव्हे. पुन्हा बादली सरकली नाही. पाहुणे जेवले, हसले, गाडीत बसून गेले, तरी मागच्या खोलीतून काही आलं नाही. अप्पा आत जाऊन पिंपाजवळ उभे राहिले. वास गेला होता. तिला पटलं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. एवढ्या माणसांत सांगितलं, तर तिलाही पटलं असेल. आणि त्यांना बरं वाटलं. स्वतःच्या त्या बरं वाटण्याची लाज त्यांना थोड्या वेळानं वाटली, पण आधी बरं वाटलं.

ऊन कलल्यावर उरलेली हुग्गी घेऊन ते चतुराबाईकडे गेले. शेळ्या बांधत होती ती. अप्पांना बघून तिचं तोंड फुललं.

"अप्पा, आज जेवली बगा तुमची म्हातारी. सोता उठून दारात आली. दीड भाकर खाल्ली, तांब्याभर पाणी पिली. मी म्हणलं, आज कशी जेवली गं माय? पूजा झाली का? तर म्हणली, हाव, झाली."

अप्पांच्या हातातलं भांडं तिनं घेतलं आणि झाकण उचलून वास घेतला.

"मी म्हणलं, हारवलेलं घावलं जनू. तर म्हणली, न्हाई, माजं न्हाई घावलं. पोराचं घेतलं." चतुराबाईनं आवाज जरा खाली आणला. "म्हणली, त्याला तसंबी लागत न्हाई... काय घेतलं ओ तिनं तुमचं?"

अप्पा चढाला लागले. अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसले. उजेड अजून होता. सदऱ्यात हात घालून त्यांनी गळ्यातली डबी बाहेर काढली. वर्षभर ती उघडली नव्हती. नख लावून झाकण वर केलं.

आत सुपारी होती. तिच्या रेषारेषांत माती भरली होती. डोंगरातला मुरूम तांबडा. ही माती काळी होती, लातुरची, आणि अजून ओली होती.

घरी येऊन त्यांनी ज्वारीच्या पिंपात हात घातला. अव्वाची डबी जागेवर होती आणि तिच्यात अव्वाचं लिंग होतं, जसंच्या तसं. ते मुठीत धरून त्यांनी दबक्या आवाजात अव्वाला हाक मारली, दोनदा, तीनदा. घ्यायला कुणी हात पुढं केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पांनी बादली भरली. अंघोळ केली. ओल्या अंगानं मागच्या खोलीत पाट मांडला, भस्म लावलं, आणि सवयीनं हात गळ्याकडे गेला. तिथंच थांबला. मग त्यांच्या नकळत तळहात फरशीवर टेकला आणि फिरायला लागला, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, पाटाखाली, पिंपाच्या कडेनं. ऊन खिडकीत आलं. स्वयंपाकघरातून मंजुश्रीनं विचारलं,

"झाली का पूजा? ताट वाढू?"

"व्हायचीय," अप्पा म्हणाले.

निदान हा दोरा तरी काढून ठेवावा म्हणून त्यांनी मानेमागं हात नेला. गाठ मागच्या श्रावणात त्यांनी स्वतः मारली होती, दुकानात पुडकं बांधतात तशी साधी, एका ओढीत सुटणारी. बोटांना ती लागली नाही. लागली ती दोन पदरी, शेपूट आत खोचलेली गाठ, अप्पा लहान असताना अव्वा मारायची तशी, खेळताना सुटू नये म्हणून. आणि ती घट्ट, नुकतीच आवळलेली होती.